रानातली ओल मोबाईलवर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

वायरलेस ओल मोजणीवर प्रश्न मागवले होते, म्हणजे रानात सेन्सर पुरायचा, त्यानं रेडिओवरून आकडा पाठवायचा आणि आपण तो घरी बसून मोबाईलवर बघायचा. सोलापूर जिल्ह्यातूनच एवढे प्रश्न आलेत की हा महिना पूर्ण त्यांनाच देतोय. बऱ्याच जणांनी विचारलंय की कंपनी कुठली घ्यावी, अॅप कुठलं चांगलं, रेंज किती मिळते. खड्डा कसा घ्यायचा हे मात्र एकानंही विचारलं नाही आणि आपल्या काळ्या रानात सिस्टिम फसते ती नेमकी खड्ड्यात, म्हणून उत्तरांमध्ये ते परत परत येणार, सांभाळून घ्या.

प्रश्न: तीन एकर भगवा डाळिंब आहे, डबल लॅटरल ड्रिप, म्हणजे ओळीला ड्रिपच्या दोन नळ्या. वरच्या अंगाला मुरमाड रान, खाली ओढ्याकडं काळं. विकणारा म्हणतोय एकरी एक सेन्सर लागतो, म्हणजे तीन घ्या. घ्यावेत का? आणि किती खोल पुरायचे? (सांगोला तालुका)

दादा, सेन्सर एकरावर मोजायचेच नाहीत, रान किती प्रकारचं आहे त्यावर मोजायचे. तुमच्याकडं रान दोन प्रकारचं आहे, मुरमाड आणि काळं, म्हणजे तुम्हाला दोन ठिकाणं पुरे आहेत, पण प्रत्येक ठिकाणी दोन खोलींवर सेन्सर पाहिजेत. तीन ठिकाणी एकेक लावण्यापेक्षा दोन ठिकाणी दोन-दोन लावलेले कधीही बरे, कारण वरचा सेन्सर सांगतो पाणी कधी सुरू करायचं आणि खालचा सांगतो कधी बंद करायचं. नुसता वरचा असला की आपण पाणी देत राहतो आणि खाली काय चाललंय ते कळतच नाही. डाळिंबात हे लई महत्त्वाचं आहे, कारण सतत ओल्या राहिलेल्या मुळीत मर रोगाला आयतंच आमंत्रण मिळतं आणि एकदा मर लागली की झाड वाचवणं अवघड.

काळ्या भागात वरचा सेन्सर २० ते ३० सेंटिमीटरवर आणि खालचा ५० ते ६० वर ठेवा. मुरमाड भागात मुळ्या वरवरच असतात, तिथं वरचा १५ ते २० वर आणि खालचा ३५-४० वर, आणि खणताना कडक मुरूम आधीच लागला तर तिथंच थांबा, पहारीनं फोडून खाली घालण्यात काही अर्थ नाही.

ड्रिपरच्या बरोबर खाली सेन्सर पुरू नका, तो कायम ओलाच दाखवणार. काळ्या रानात पाणी आडवं जास्त पसरतं म्हणून ड्रिपरपासून १५ ते २० सेंटिमीटर बाजूला घ्या, मुरमात पाणी सरळ खाली जातं म्हणून तिथं १० ते १५ पुरे. झाड निवडताना बागेतलं मधल्या ताकदीचं निरोगी झाड घ्या, लॅटरलचं पहिलं नको आणि शेवटचंही नको. आणि त्या झाडाचे ड्रिपर आधी तपासा: ताशी ४ लिटरचा ड्रिपर एका मिनिटात साधारण ६५ ते ७० मिली पाणी देतो, मापाचं भांडं खाली धरा आणि मोबाईलवर मिनिट लावा. तो ४० मिलीच देत असेल तर सेन्सर त्या चोंदलेल्या ड्रिपरची कहाणी सांगत बसेल आणि तुम्ही सगळ्या बागेला जादा पाणी द्याल.

आता खरी अडचण. तुमचं मुरमाड आणि काळं रान एकाच व्हॉल्व्हवर असेल, बहुतेक असेलच, तर दोन वेगळे आकडे बघून तुम्ही करणार काय? दोन्हीकडं पाणी तर एकदमच सुटणार. म्हणून सेन्सरच्या आधी त्या दोन भागांचे व्हॉल्व्ह वेगळे करून घ्या, खर्च सेन्सरपेक्षा कमी आहे आणि फायदा पहिल्याच पाळीला दिसेल. पैसे दोन्हीला पुरत नसतील तर या वर्षी व्हॉल्व्ह करा, सेन्सर पुढच्या वर्षी.

प्रश्न: सेन्सर लावून महिना झाला. पाणी सोडलं की दहा मिनिटांत रीडिंग एकदम शेंड्याला जातं आणि दोन दिवसांत धाडकन खाली येतं. हातानं उकरून बघितलं तर माती चांगली ओली. एकदा तर खालचा सेन्सर आधी ओला झाला आणि वरचा नंतर, असं कसं होईल? सेन्सर बोगस आहे का? (मोहोळ तालुका)

सेन्सर बहुतेक चांगला आहे, त्याच्या आजूबाजूला पोकळी झालीय. तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की यावर जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनीही वाचा.

आजकालचे बहुतेक सेन्सर कपॅसिटिव्ह असतात. ते ओल थेट मोजत नाहीत, आजूबाजूच्या वस्तूचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोजतात, म्हणजे ती वस्तू विजेचा भार किती साठवू देते तो आकडा. पाण्याचा तो ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. त्यामुळं सेन्सरच्या पात्याला चिकटून जे काही आहे त्याला सगळ्यात जास्त वजन मिळतं, चार बोटं लांबची माती त्याला जवळजवळ दिसतच नाही. काळी माती सुकली की आकसते, हे आपल्याला सांगायला नको, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती सेन्सरच्या पात्यापासूनही सुटते. नुसती कागदाएवढी फट पडली तरी तिथं हवा शिरते आणि रीडिंग धाडकन खाली, माती ओली असली तरी. मग तुम्ही पाणी सोडता, ते त्या फटीत भरतं आणि दहा मिनिटांत रीडिंग शेंड्याला, माती अजून भिजायची असली तरी. दोन्ही वेळा सेन्सर खरंच सांगत होता, फक्त मातीबद्दल नाही, फटीबद्दल.

खालचा आधी ओला झाला याचं कारणही तेच. पाणी भेगेतून किंवा तुमच्या सैल भरलेल्या खड्ड्यातून नाहीतर केबलच्या कडेनं घसरत सरळ खाली गेलं. हे दिसलं की समजायचं खड्डा परत घ्यावा लागणार.

परत घेताना असं करा. माती वापशावर असताना खणा, कोरड्या रानात अजिबात नको आणि चिखलातही नको. ड्रिपरपासून जरा लांब उभा खड्डा घ्या, प्रत्येक थराची माती वेगळ्या घमेल्यात ठेवा. मग खड्ड्याच्या ड्रिपरकडच्या भिंतीत, जिथं माती अजून हललेली नाही, तिथं सेन्सर आडवा दाबून बसवा. पातं चपटं असेल तर ते उभ्या धारेवर घाला, आडवं घातलं तर त्याच्यावर पाणी साचतं. जोर देऊन हलवत-डुलवत घुसवू नका, तिथंच फट पडते. माती कडक लागली तर आधी तेवढ्याच जाडीच्या पत्र्यानं वाट करा आणि मग सेन्सर सरळ एका दाबात आत सारा. केबल सेन्सरपासून आधी थोडी खाली न्या, वळसा द्या आणि मग वर आणा, म्हणजे केबलवरून येणारं पाणी वळशाच्या तळाला गळून जातं, सेन्सरपर्यंत पोचत नाही. शेवटी माती ज्या क्रमानं काढली त्याच्या उलट क्रमानं भरा, म्हणजे खालची खाली आणि वरची वर, दर चार-पाच बोटांवर काठीनं ठोका, आणि वर थोडा उंचवटा ठेवा कारण ती बसणारच आहे.

नळीसारखा लांब, एकाच दांड्यावर तीन-चार खोलींचे सेन्सर असलेला प्रकार असेल तर तो उभाच जातो. त्याला गिरमिटानं नेमक्या मापाचं भोक पाडा आणि त्याच भोकातल्या मातीची पातळ राबडी ओतून वरून दांडा सारा. राबडी जाड थराची नको, तीही वाळून आकसते.

एवढं करूनही पहिल्या दोन-तीन पाळ्यांचे आकडे धरू नका, माती बसायला तेवढा वेळ लागतोच. आणि सेन्सरच्या जागेवर पाचटाचं नाहीतर गवताचं आच्छादन टाका. भेगा कमी पडतात, आणि तेच आच्छादन सगळ्या बागेला टाकलं तर सगळ्यात उत्तम.

प्रश्न: अॅपवर ३१ टक्के दाखवतंय. हे ओलं म्हणायचं का कोरडं? मॅन्युअलमध्ये लिहिलंय २५ ला पाणी द्या. (बार्शी)

ते २५ विसरा. साधारण सांगायचं तर भारी काळ्या रानात ४० टक्क्यांच्या आसपास वापसा असतो आणि २५ च्या आसपास झाड कोमेजायला लागतं. वाळूसर जमिनीत वापसाच मुळी १५ टक्क्यांना येतो. म्हणजे जो आकडा तिथं चिखल आहे तोच आपल्याकडं मरणाची तहान आहे. बाहेरच्या कुठल्या तरी जमिनीवर ठरवलेला आकडा मॅन्युअलमध्ये छापून येतो आणि आपला माणूस तो वाचून बाग सुकवतो, याची मला खरंच काळजी वाटते.

तुमच्या रानाचा आकडा तुम्हीच काढायचा, अवघड नाही. एकदा भरपूर पाणी द्या, खालचा सेन्सर हलेपर्यंत. मग काळ्या रानात दोन-तीन दिवस थांबा, जादाचं पाणी निचरून गेलं की वरच्या सेन्सरची घसरण मंदावते आणि रेघ जवळजवळ सपाट होते. तो तुमचा वरचा आकडा, कागदावर लिहून ठेवा. आता आलेख रोज बघा. दिवसा रेघ खाली उतरते, रात्री सपाट होते, परत सकाळी उतरते, अशा पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्या म्हणजे मुळ्या पाणी पिताहेत. ऊन तेवढंच कडक आहे पण पायरी लहान लहान व्हायला लागली, तर झाडाला आता पाणी ओढायला जोर पडतोय. तो तुमचा खालचा आकडा. पाणी त्याच्या जरा आधीच द्यायचं. ड्रिपवर असाल तर वरच्या आणि खालच्या आकड्यामधला एक तृतीयांश भाग संपला की पाळी द्या, अर्ध्यापर्यंत ताणू नका.

हे करताना दर वेळी मूठभर माती काढून दाबून बघा. गोळा होतो का, गोळा टिचकीनं फुटतो का, हाताला ओल लागते का, आणि ते त्या दिवसाच्या रीडिंगसमोर लिहा. एका हंगामात तुमचा हात आणि अॅप यांची चांगली जुळणी होईल.

अजून नेमकं पाहिजे असेल तर सेन्सरजवळची, त्याच खोलीची माती घेऊन वजन करा, १०५ अंशाला २४ तास भट्टीत वाळवा आणि परत वजन करा. जेवढं वजन घटलं ते पाणी, त्याला कोरड्या मातीच्या वजनानं भागायचं. हे वजनी टक्के झाले, सेन्सर मात्र आकारमानाचे टक्के दाखवतो, म्हणून मातीच्या स्थूल घनतेनं (एक घन सेंटिमीटर कोरड्या मातीचं वजन) गुणावं लागतं. माती तपासणीवाल्यांना विचारा, ते करून देतात.

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगला आहे, सोलापुरात. वडिलांच्या शेतासाठी ईएसपी-३२ या वाय-फायवाल्या छोट्या चिपवर प्रोजेक्ट केलाय, ऑनलाईन मिळणारा काळा कपॅसिटिव्ह सेन्सर आणि १८६५० लिथियम-आयन बॅटरी. डीप स्लीप (मधल्या वेळात चिप झोपवणं) लावूनही बॅटरी आठ-दहा दिवसांत संपते. वाय-फाय चालू केलं की रीडिंगही येत नाही कधी कधी.

तुझा प्रोजेक्ट चांगलाय आणि दोन्ही दोष सुटण्यासारखे आहेत. डीप स्लीपमध्ये चिप जेमतेम १० मायक्रोअँपिअर घेते हे खरं, पण तू अख्खा डेव्हलपमेंट बोर्ड वापरतोयस. त्याच्यावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो लाल एलईडी झोपत नाहीत, ते चोवीस तास काही मिलिअँपिअर पीत राहतात. वर सेन्सरला तू सरळ ३.३ व्होल्टला जोडलं असशील तर त्याचे आणखी पाचेक. सगळे मिळून १० मिलिअँपिअर धर, २५०० एमएएचची बॅटरी २५० तास पुरणार, म्हणजे तुझे ते दहा दिवस. एलईडी काढून टाक, कमी गळतीचा रेग्युलेटर टाक नाहीतर सुट्टं मॉड्यूल वापर, आणि सेन्सरला वीज जीपीआयओ पिनवरून (कोडमधून चालू-बंद होणारी पिन) किंवा मॉसफेटवरून (इलेक्ट्रॉनिक स्विच) फक्त मोजतानाच दे. ओल मिनिटामिनिटाला बदलत नाही, अर्ध्या तासानं एक रीडिंग भरपूर झालं.

रीडिंग गायब होतं कारण तू एडीसी-२ ची पिन घेतलीयस (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग). वाय-फाय चालू असताना ईएसपी-३२ चा एडीसी-२ वापरता येत नाही. पिन ३२ ते ३९ मधली घे, त्या एडीसी-१ वर आहेत. आणि प्रत्येक रीडिंगसोबत बॅटरीचं व्होल्टेजही पाठव, बॅटरी उतरायला लागली की रीडिंग सरकतं आणि आपण म्हणतो रान सुकलं.

त्या काळ्या सेन्सरची एक खोड अशी की त्याच्या कडा उघड्या असतात, पाणी पीसीबीत शिरतं आणि वरच्या टोकाचे पार्ट तर पूर्णच उघडे. कडांना नेलपॉलिश किंवा इपॉक्सीचे दोन-तीन हात मार, वरच्या भागाला हीट-श्रिंक ट्यूब चढवून आत इपॉक्सी भर. हा सेन्सर ओलं झालं की कमी आकडा देतो, कोरडं झालं की जास्त, उलटा आहे, हे वडिलांना दाखवायच्या आधी कोडमध्ये सुलटं कर. दोन धातूच्या काड्यांवाला रेझिस्टिव्ह सेन्सर मात्र प्रोजेक्टच्या टेबलावरच ठेव, रानात काही आठवड्यांत काड्या झिजतात.

आणि सोलापूरचा उन्हाळा विसरू नको. सावलीत पारा ४२-४३ ला जातो, मग उन्हात ठेवलेल्या डब्याच्या आत काय होत असेल. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं धोक्याचं आहे. डबा पांढरा घे, सोलर पॅनलच्या सावलीत उत्तरेच्या बाजूला लाव, जमिनीपासून उचलून, आणि जमलं तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वापर, ती उष्णता जास्त सोसते.

प्रश्न: ऊस आणि केळी मिळून रान मोठं आहे, घरापासून दीड किलोमीटर. आधी सिमवालं यंत्र घेतलं होतं, जिओचं सिम घातलं तर चालेचना. आता लोरा (कमी विजेवर लांब जाणारा रेडिओ) घ्या म्हणतात. उसातून रेंज येते का? (माळशिरस तालुका)

जिओला टू-जी नाहीच, सुरुवातीपासून फोर-जी आहे, आणि तुमच्या यंत्रात टू-जीचं स्वस्त मॉड्यूल असणार, त्यामुळं ते सिम चालणं शक्यच नव्हतं. सिमवालंच घ्यायचं ठरलं तर फोर-जी लिहिलेलं बघून घ्या.

पण तुम्हाला लोराच बरं पडेल. रानात चार-पाच नोड, म्हणजे सेन्सरचा आकडा रेडिओवरून पाठवणारी यंत्रं, घरी ते आकडे पकडणारा एक गेटवे, आणि इंटरनेट फक्त गेटवेला. उघड्या माळावर दोन-तीन किलोमीटर आरामात जातं. ऊस मात्र वेगळा विषय आहे, १०-१२ फूट वाढलेला, पानात पाणी भरलेला ऊस सिग्नल गिळतो. लागणीच्या वेळी टेस्ट करून खूश झालेला माणूस श्रावणात नोड मेला म्हणून ओरडतो. म्हणून नोडची अँटेना जीआय पाइपवर उसाच्या वर न्या, पाइप आत्ताच १५ फुटांचा रोवा. गेटवेची अँटेना घराच्या टाकीवर किंवा गच्चीवर जेवढी उंच नेता येईल तेवढी न्या. खाली गेटवे ठेवून लांब केबल वर नेऊ नका, केबलमध्येच सिग्नल मरतो, त्यापेक्षा गेटवेच वॉटरप्रूफ डब्यात वर ठेवा आणि त्याला वीज खालून द्या.

घेताना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं घ्या, भारतात लोरासाठी हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. ऑनलाईन बरेचदा ९१५ चं अमेरिकेचं सेटिंग येतं, ते बदलून आयएन-८६५ करायला लावा आणि अँटेनाही त्याच पट्ट्याची मागा. अँटेना लावल्याशिवाय नोड चालू करू नका, ट्रान्समीटर जळू शकतो.

पुरण्याआधी नोड हातात घेऊन रानभर फिरा आणि घरी कुणाला तरी आरएसएसआय (सिग्नलचा जोर) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) बघत बसवा. आरएसएसआय उणे १२० च्या जवळ जायला लागला की तिथं रेंज काठावर आहे असं समजा, ती जागा सोडा किंवा अँटेना उंच करा. लागणीच्या वेळी टेस्ट करत असाल तर १०-१५ डेसिबल तरी शिल्लक ठेवा, ऊस वाढल्यावर ते खर्च होणारच आहेत. स्प्रेडिंग फॅक्टर (मेसेज किती सावकाश पाठवायचा ते सेटिंग) वाढवून रेंज वाढते पण एकेक मेसेज हवेत जास्त वेळ राहतो आणि बॅटरी खातो, म्हणून आधी उंची वाढवा आणि फॅक्टर शेवटी.

गेटवे शेतीच्या थ्री-फेजवर जोडू नका, ती लाईट ठरावीक तासच असते. घरच्या सिंगल फेजवर घ्या आणि सोबत १२ व्होल्टची छोटी बॅटरी ठेवा.

प्रश्न: बोअरचं पाणी खारं आहे. सेन्सर कायम ओलंच दाखवतो, झाडं मात्र सुकल्यासारखी. (मंगळवेढा तालुका)

क्षार वाढले की मातीतून वीज जास्त वाहते आणि स्वस्त सेन्सर कमी फ्रिक्वेन्सीवर चालत असल्यानं त्यांना ती ओल वाटते. ७० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे सेन्सर याला कमी फसतात पण महाग पडतात. तुमच्यासाठी टेन्शिओमीटर चांगला, तो माती पाणी किती जोरानं धरून ठेवतेय ते मोजतो, क्षारांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. साधारण ८० सेंटिबार (ओढीचं माप) पर्यंतच चालतो, त्यापुढं हवा शिरते आणि परत पाणी भरावं लागतं, ड्रिपच्या बागेत एवढं पुरतं.

पण झाडं सुकण्याचं कारण सेन्सरच्या पलीकडचं आहे. क्षारांमुळं माती ओली असूनही मुळीला पाणी ओढता येत नाही. तेव्हा आधी पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या, ईसी (क्षार किती आहेत ते सांगणारा आकडा) आणि सोडियम किती ते बघा, सेन्सरची खरेदी त्यानंतर.

प्रश्न: डाळिंबाच्या बहारासाठी ताण (फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं) देताना सेन्सरवर बघून ताण तोडता येईल का? हस्त बहार धरतोय. (पंढरपूर तालुका)

एकट्या सेन्सरवर तोडू नका. ताण झाडाला द्यायचा असतो, त्यामुळं पानं पिवळी पडणं आणि पानगळ हीच खरी खूण. सेन्सरचा उपयोग दुसरीकडं आहे. हस्त बहारात परतीचा पाऊस मधेच येतो, वरचा थर भिजतो आणि आपण घाबरतो की ताण मोडला. खालचा सेन्सर हलला नसेल तर खालची ओल आहे तशीच आहे, घाईनं निर्णय घेऊ नका, दोन दिवस झाड बघा. आणि भारी काळ्या रानात वर माती फुटलेली असते तरी ५०-६० सेंटिमीटरला ओल दडून बसते, ताण लागेना म्हणून लोक हैराण असतात, ते कोडं खालचा सेन्सर सोडवतो. किती दिवस ताण आणि नंतर पाणी कसं वाढवायचं हे झाडाच्या वयावर आणि जमिनीवर आहे. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथं जाऊन विचारा, फोटो आणि सेन्सरचा आलेख दोन्ही सोबत न्या.

ताण तोडल्यावर मात्र सेन्सर रोज बघा. फळ भरताना ओल एकदम खाली आणि मग एकदम वर गेली की फळ तडकतं. तिथं आलेखाची रेघ जेवढी शांत तेवढं फळ चांगलं.

प्रश्न: कोरडवाहू मालदांडी ज्वारी आहे, सेन्सर घेऊ का? (मंगळवेढा)

नको. पाणी द्यायचंच नाही तर आकडा बघून ठरवणार काय? पेरणीआधी ओल किती खोल आहे एवढंच बघायचंय ना, मग टोकदार लोखंडी सळई घ्या आणि रानात आठ-दहा ठिकाणी दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरड्या थराला लागली की थांबते. रान उथळ असेल आणि सळई दीड फुटावरच थांबत असेल तर रोपांची संख्या कमी ठेवून पेरा.

प्रश्न: सेन्सरवरूनच मोटर आपोआप चालू-बंद करता येते म्हणतात. करू का? (करमाळा)

पहिलं वर्ष नको. मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारं यंत्र) असेल तर आकडा बघून बटण तुम्हीच दाबा. कारण सांगतो: केबल उंदरानं तोडली, खुरपणीत सेन्सर उपटला किंवा पात्याला फट पडली तर बहुतेक सेन्सर कोरडं दाखवतात, आणि आपोआपची सिस्टिम त्यावर विश्वास ठेवून रात्रभर मोटर चालवते. बाग डबक्यात आणि विहीर तळाला.

वर्षभरात आलेख नीट कळायला लागला की करा, पण तीन अटींवर. एका पाळीला जास्तीत जास्त किती मिनिटं पाणी ते बांधून टाका, सेन्सर काहीही म्हणो. रीडिंग तासभर आलं नाही किंवा एका झटक्यात शून्यावर गेलं तर मोटर चालू होता कामा नये, मोबाईलवर मेसेज यावा. आणि पाणी सुटून दोन तास झाले तरी वरचा सेन्सर हलला नाही तर मोटर बंद व्हावी, कारण एक तर पाइप फुटलाय नाहीतर व्हॉल्व्ह बंद राहिलाय. विकणाऱ्याला या तीन गोष्टी करून दाखवायला सांगा, ऑफिसात नको, तुमच्या रानात, केबल हातानं काढून.

केबल जमिनीत जिथं जिथं जाते तिथं ती पीव्हीसी पाइपातून न्या, दोन्ही तोंडं बंद करा आणि जागेवर रंगवलेली खुंटी ठोका, म्हणजे खुरपणीला आलेल्या बायकांना आणि रोटाव्हेटरवाल्याला लांबूनच दिसेल.